पुतळ्याखालची मोटारसायकल

मित्रांनो, माझ्यावर बसून आजवर कुणीही कुठे पोहोचलेलं नाही. तरीही मी मोटारसायकल आहे. मला हँडल आहे, पिळायची मूठ आहे, ब्रेक आहे, लांब काळी गादी आहे. चाकंसुद्धा आहेत, पण ती लोखंडी पाटावर पक्की बसवलेली आहेत. माझा रस्ता समोरच्या लाकडी पेटीत, काचेच्या पडद्यावर असतो. खेळणारा माझ्यावर बसतो, फटीत टोकन टाकतो, मूठ पिळतो आणि अंगानं डावी-उजवीकडे कलतो. पोटाखालच्या स्प्रिंगांवर मीही त्याच्याबरोबर कलते. मग पडद्यावरची चिमुकली लाल मोटारसायकल आम्हा दोघांचं ऐकून वळते.

माझा जन्म जपानमधला. तिथल्या कारखान्यात माझं अंग फायबरचं घडवलं, त्यावर लाल रंगाचे हात दिले आणि पेटी प्लायवूडची केली. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक यंत्रावर कुणीतरी एक पूर्ण शर्यत खेळून बघायची, अशी तिथली रीत होती. माझ्यावर पांढरे हातमोजे घातलेली एक बाई बसली. ती एकदाही पडली नाही, एकदाही हसली नाही. उतरल्यावर तिनं माझ्या टाकीवर हलकेच थाप मारली आणि पुढच्या यंत्राकडे गेली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पुढे खोक्यात बंद होऊन पुष्कळ दिवस समुद्रावर डुलले. खोकं उघडलं ते पोर्ट सईदला, कालव्याच्या तोंडाशी. बंदरातल्या कस्टमवाल्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. ही चालवायची गाडी की शोभेची, यावर त्यांचा बराच वाद झाला. शेवटी एकजण माझ्यावर बसला, तोंडानंच घर्र घर्र आवाज काढला, आणि सगळे हसले. मला सोडलं.

अरब मोहल्ल्यातल्या एका गल्लीत शहाता नावाच्या गृहस्थाचं गेम पार्लर होतं. मुलं त्यांना अम्म म्हणत, म्हणजे काका. अम्म शहातांनी मला दारासमोर ठेवलं. माझा पडदा गल्लीतून दिसायचा. शाळा सुटली की दप्तरं भिंतीशी पडायची आणि माझ्यामागे रांग लागायची.

माझ्या शर्यतीची रीत सोपी आहे. रस्त्यावर ठरावीक अंतरानं कमानी आहेत. वेळ संपण्याआधी कमान गाठली की आणखी थोडा वेळ मिळतो. नाही गाठली की खेळ संपला. शेवटची कमान पार करणाऱ्यापुढे तोच रस्ता पुन्हा सुरू होतो, फक्त जास्त वेगानं. वाटेत समुद्राकाठचं वळण आहे, बोगदा आहे, सांडलेल्या तेलाचे डाग आहेत, आणि पुढे निळ्या गाड्या आडव्या येतात. मुलांनी या जागांना आपली नावं देऊन टाकली होती. समुद्राकाठचं ते दीपगृहाचं वळण. बोगदा म्हणजे बदीआचं दुकान, कारण दोन्हीकडे श्वास रोखून शिरावं लागतं. बदीआ शेजारीच खारवलेले मासे विकते. आणि उजवीकडचं सगळ्यात अवघड वळण, जिथे निळ्या गाड्या वाट अडवून उभ्याच असतात, त्याचं नाव कस्टम.

"कुठवर गेलास रे?"

"कस्टमला अडकलो."

एवढं बोलणं पुरायचं.

अम्म शहातांचा एक नियम होता. मशिदीतून बांग सुरू झाली की ते माझ्या पाठीमागे हात घालून आवाजाचं बटण उतरवत. खेळ बंद करायचा नाही, आवाज मात्र बंद. तेवढा वेळ मुलं अगदी गप्प बसून शर्यत चालवत. इंजिनाचा आवाज नाही, टायर घासल्याचा नाही. मला ती मुकी शर्यत आवडायची. तेव्हा मुलांचे श्वास ऐकू यायचे.

त्या मुलांत फरगली नावाचा एक होता. किडकिडीत, पण माझ्यावर बसला की मोठ्या माणसासारखा गंभीर व्हायचा. बाकीचे कस्टमला घाबरून ब्रेक दाबत आणि मागून येणारी गाडी त्यांना उडवून जाई. फरगली ब्रेकला हात लावत नसे. मूठ जराशी सैल करून तो सगळं अंग माझ्यावर टाकायचा, आणि आम्ही दोघं निळ्या गाड्यांच्या मधून सुईत दोरा ओवावा तसे पार व्हायचो. अम्म म्हणत, "याच्या हाताला ब्रेक ठाऊकच नाही." पुढे फरगली मोठा झाला, गाड्यांच्या गाद्या शिवायच्या धंद्यात पडला आणि यायचा बंद झाला. मुलं मोठी होतातच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अम्म शहाता वारले. त्यांची बायको हाज्जा इन्शिराह गल्ल्यावर बसू लागली. लोकांना वाटलं, पाच वेळेला नमाज पढणारी, सोमवार-गुरुवारचे उपास करणारी ही बाई पार्लर विकून टाकील. तिनं विकलं नाही. सकाळी कुराणाचा ठरलेला पाठ झाला की ती बिस्मिल्ला म्हणून शटर उघडायची आणि ओल्या फडक्यानं आधी मला पुसायची. दिवसभर हातात तसबीहची माळ घेऊन बसायची. मणी सरकत असायचे आणि डोळे माझ्या पडद्यावर असायचे. बांग झाली की नवऱ्यासारखंच माझं बटण उतरवायची. मुलं म्हणत, "हाज्जा, बसा की एकदा!" ती म्हणे, "मी कुठली बसतेय! माझं वय आहे का उडायचं?"

दिवस बदलले. घराघरात टीव्हीला जोडायचे खेळ आले, मग मोबाइल आले. पार्लरमध्ये नवी, चकचकीत, लोखंडी यंत्रं आली. माझ्या पडद्याचा लाल रंग विटला. गादी फाटली. उजव्या बाजूची स्प्रिंग गंजली आणि मी उजवीकडे कलताना कुरकुरू लागले. मुलांनी मला सोडलं नाही, पण ती आता माझ्यावर बसून मोबाइलवर खेळायची. दप्तरं टांगायला माझं हँडल बरं पडायचं. हाज्जा मात्र रोज पुसत होती. पुसण्यानं धूळ जाते, मित्रांनो. कुरकुर जात नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगते.

शम्म-अन-नसीमचा सण वसंतात येतो. घरोघरी अंडी रंगवतात, खारवलेला मासा, हिरवा कांदा आणि सॅलडची पानं घेऊन लोक समुद्रावर जातात. आमच्या गावात आदल्या संध्याकाळी लिम्बी जाळतात. लिम्बी म्हणजे चिंध्या भरून केलेला पुतळा. मूळचा तो कुणा परक्या साहेबाचा. पण आता ज्या वर्षी ज्याचा राग, त्या वर्षी त्याचा पुतळा. तुमच्याकडे होळीला पोरं लाकडं पळवतात, तशी आमची पोरं लिम्बीसाठी पळवतात. आमच्या गल्लीत त्याचा एक नियम आहे. सणाच्या आधी जी लाकडी वस्तू फुटपाथवर असेल आणि जिच्यापाशी कुणी बसलेलं नसेल, ती लिम्बीची. मग रडायचं नाही आणि परत मागायचं नाही. पण कुणी बसलेलं असेल, तर तिला बोटही लावायचं नाही.

नेमका लिम्बीच्या दिवशीच हाज्जाला रंगारी मिळाला. महिनाभर तो आज येतो, उद्या येतो म्हणत होता. सणाला भिंती पांढऱ्या हव्यात, हा अम्म शहातांचा हट्ट असायचा, आणि तो मोडायचा तिचा विचार नव्हता. म्हणून आम्ही सगळी यंत्रं बाहेर फुटपाथवर आलो.

बदीआ दुकानातून ओरडली, "अगं बाई, आज? आजच्या दिवशी मी माझ्या सासूलासुद्धा बाहेर बसवत नाही. नेतील उचलून!"

"मी बसतेय ना राखणीला," हाज्जा म्हणाली आणि माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली.

ती दुपारभर बसली. पोरं लांबून बघून गेली. मग तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेची बांग झाली. आत चुना उडत होता, नमाजेला जागा नव्हती. ती उठली आणि बदीआच्या माडीवर गेली. चार रकातींची तर नमाज, तेवढ्यात कोण येतंय, असं तिला वाटलं असावं. तेवढ्यातच लिम्बीवाले आले.

फरगली होता त्यांच्यात. आता दाढीवाला, खांद्यानं रुंद झालेला. दरवर्षी गल्लीचा पुतळा तोच शिवायचा. गाद्या शिवणाऱ्याला पुतळा म्हणजे काय मोठं काम! त्या वर्षी कांदा महागला होता. आणि कांद्याशिवाय खारवलेला मासा घशाखाली कसा उतरायचा? म्हणून पुतळा केला होता कांद्याच्या साठेबाजाचा. पोट सुटलेला, गळ्यात कांद्यांची माळ, डोक्यावर फेल्ट हॅट. कमी होती ती एकाच गोष्टीची. साठेबाज माल घेऊन पळतोय असं दाखवायचं होतं, आणि पळायला वाहन नव्हतं.

लोखंडी यंत्रांकडे कुणी पाहिलंही नाही. मला त्यांनी पेटीसकट हातगाडीवर चढवलं. फरगलीनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. पण तो एवढंच म्हणाला, "सांभाळून. पेटीचं लाकूड चांगलं सुकंय."

गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, फळ्या आणि संत्र्यांची खोकी रचली होती. शेजारी मला उभं केलं आणि साठेबाजाला माझ्यावर बसवलं. त्याचे चिंध्यांचे हात माझ्या हँडलला दोरीनं बांधले. लोक हसून हसून बेजार झाले. कुणीतरी म्हणालं, पुढचा दिवा लागला तर काय बहार येईल! न्हाव्याच्या दुकानातून वायर ओढली. दिवा लागला, आणि दिव्याबरोबर पडदाही उजळला. माझा समुद्र, माझा रस्ता, माझी लाल गाडी सगळ्यांना दिसली. इंजिनाचा आवाज गल्लीत घुमला. पोरं पडद्याभोवती गोळा झाली.

हाज्जा आली ती चालतच. धावली नाही. गर्दीनं तिला वाट दिली.

"फरगली बेटा, ही माझी आहे."

"होती, हाज्जा." त्यानं मान खाली घातली, पण मागे सरला नाही. "एकटी होती फुटपाथवर. नियम तुम्हाला मी काय सांगू? अम्म शहातांनीच शिकवला आम्हाला."

"मी नमाजेला गेले होते रे."

"मी कुठे काय म्हणतोय? पण लिम्बीला दिलेलं परत घेतलं तर वर्ष वाईट जातं, असं सगळेच म्हणतात. आणि पलीकडच्या गल्लीनं या वर्षी बोट केलीय, हाज्जा. आख्खी बोट. आम्ही काय साठेबाजाला पायी पळवू?"

नियम हाज्जाला मान्य होता. तिच्या नवऱ्याची आरामखुर्ची अशीच एकदा गेली होती आणि तो स्वतः टाळ्या वाजवत बघत उभा होता. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्याकडून काय हवं होतं, हे मी त्या वेळी ओळखलं. मी परत गेले तरी खेळणाऱ्यांची रांग काही लागणार नव्हती. पण रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून जिला पहिला हात लावायचा, ती मी होते. माझ्याजागी तिथे नुसती पांढरी भिंत राहिली असती.

"अगं भांड की!" बदीआ मागून म्हणाली. "तसबीह हातात आहे, जिभेला नाही ना बांधलेली?"

हाज्जा भांडली नाही. तिनं हळूच विचारलं, "नियम एवढाच ना, की कुणी बसलेलं असेल तर हात लावायचा नाही?"

"हो."

"आणि नेल्यावर कुणी बसलं तर?"

फरगलीनं न्हाव्याकडे पाहिलं. गल्लीत वादाचा निकाल न्हाव्याकडे असायचा. म्हाताऱ्यानं वस्तरा पुसत थोडा विचार केला. "नेल्यावर बसू नये, असं काही मी ऐकलेलं नाही," तो म्हणाला.

"पण नुसतं बसायचं नाही!" फरगली घाईनं म्हणाला. "नाहीतर सकाळपर्यंत तसबीह ओढत बसाल. बसायचं तर खेळायचं. खेळ संपला की उतरायचं, आणि मग तक्रार नाही."

"आणि तुम्ही जाळणार कधी?"

"सूर्य बुडून मगरीबची बांग झाली की लगेच."

सूर्य समोरच्या लाकडी सज्ज्यांवर उतरला होता. बांग होईपर्यंत ती माझ्यावर टिकली, तर मला हात लावता येणार नव्हता. फार वेळ नव्हता, पण अशा खेळात तो पुष्कळ असतो. हाज्जानं मान हलवली. साठेबाजाचे हात सोडले गेले आणि त्याला खोक्यावर बसवलं. तिनं झग्याच्या खिशातून पार्लरचं एक पितळी टोकन काढलं. मग काळा झगा आवरून, दोन्ही पाय डावीकडे सोडून ती माझ्यावर बसली. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

"बिस्मिल्ला," ती म्हणाली आणि टोकन टाकलं.

मित्रांनो, इतकी वर्षं तिनं माझा रस्ता पाहिला होता. कुठे तेल सांडलंय, कुठून निळी गाडी येते, सगळं तिला पाठ होतं. पण बघणं वेगळं आणि मूठ पिळणं वेगळं. पहिल्याच डागावर घसरून आम्ही पडलो. पडद्यावरचा स्वार दोन कोलांट्या खाऊन उठला. दुसऱ्यांदा खांबावर आपटलो. वेळ भराभर सरत होता. पहिली कमान तिनं अगदी शेवटच्या क्षणाला गाठली, आणि बदीआनं मोठ्यानं अल्लाचे आभार मानले.

मग तिला गती सापडली. मण्यांवर बोट ज्या संथपणे फिरतं, त्याच संथपणे ती मूठ पिळू लागली. दीपगृहाचं वळण डावीकडचं. पाय डावीकडेच असल्यानं तिला ते सोपं गेलं. बोगदा पार झाला. अडचण पुढे होती. उजवीकडच्या वळणाला तिचं वजन चुकीच्या बाजूला पडत होतं, आणि माझी गंजकी स्प्रिंग हटून बसली होती.

"हाज्जा, उजवीकडे! अहो, अंग टाका!" फरगली ओरडला. त्याला राहवलं नाही.

"टाकतेय रे बाबा!"

"ब्रेक सोडा आधी! ब्रेक कशाला धरलाय? कस्टम आहे पुढे, मूठ सैल करा, बंद नको... हां, थोडी!"

मी कुरकुरले. कलत नव्हते. निळ्या गाड्या पडद्यावर मोठ्या होत होत्या. तेवढ्यात माझ्या डाव्या कुशीला कुणाचा तरी गुडघा टेकला आणि त्यानं मला जोरानं रेटलं. स्प्रिंग दबली. मी उजवीकडे कलले, आणि आम्ही निळ्या गाड्यांच्या मधून निसटलो.

गुडघा फरगलीचा होता.

"काय रे फरगल्या," न्हावी म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

"वळण चुकत होतं," तो पुटपुटला आणि दोन पावलं मागे सरला. पण पुढच्या वेळी कस्टम आलं तेव्हा तो पुन्हा तिथेच होता.

शेवटची कमान पार झाली. रस्ता पुन्हा सुरू झाला, वेग वाढला. पलीकडच्या गल्लीतून जळत्या लाकडांचा वास येऊ लागला. त्यांची बोट पेटली होती. आमची पोरं चुळबुळ करू लागली. "फरगली, काड्या काढू का?" कुणी विचारलं. "थांब रे," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

आणि मगरीबची बांग झाली.

फरगलीचा हात आपोआप माझ्या पाठीमागे गेला आणि त्यानं आवाजाचं बटण उतरवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गर्दीही गप्प झाली. हाज्जा मुक्या रस्त्यावर शर्यत चालवत राहिली आणि बांगेचा एकेक शब्द ओठांनी म्हणत राहिली. मला वाटत होतं, बांग लांबावी. बांग लांबत नसते.

ती संपली. हाज्जानं मुठीवरचा हात सैल केला.

"अगं, काय करतेस?" बदीआ कळवळून म्हणाली. "दोन घटका थांब! इतकी वर्षं वेळेवर पढलीस, आज जरा उशीर झाला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"माझी वेळ झाली, बदीआ."

"दुपारी उठलीस म्हणून तर ही इथे आली ना!"

"हो," हाज्जा म्हणाली. "दुपारी मीच राखण करणारी, असं वाटलं होतं मला." ती खाली उतरली, झगा सारखा केला आणि माझ्या टाकीवर हात ठेवला. "आता ज्याची आहे, त्याच्यावर सोपवून जाते." आणि ती बदीआच्या माडीकडे गेली. वळून पाहिलं नाही.

पडद्यावर माझी लाल गाडी एकटीच निघाली होती. वेग अजून अंगात होता. समोर दीपगृहाचं वळण आणि पलीकडे समुद्र. कुणी वळवत नव्हतं.

"अरे, पडेल ना!" फरगली ओरडला आणि माझ्यावर झेपावला.

त्यानं हँडल धरलं, मूठ पिळली, अंग टाकलं. गाडीचं चाक कड्याला घासून रस्त्यावर आलं. गर्दीनं सुटकेचा श्वास टाकला. कितीतरी वर्षांनी तो माझ्यावर बसला होता. जड झाला होता, पण त्याच्या हाताला ब्रेक अजून ठाऊक नव्हता.

मग न्हावी हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून.

"फरगल्या, अरे, कुणी बसलेलं असेल तर हात लावायचा नाही ना?"

"मग?"

"मग बघ की कोण बसलंय!"

फरगलीच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. पोरं ओरडू लागली. "आता साठेबाजाला राहू दे, फरगलीलाच जाळू!" "हॅट घाला त्याला!" "कांद्यांची माळ घाला!" कुणीतरी खरोखरच ती हॅट त्याच्या डोक्यावर ठेवली.

"खेळ संपला की उतरीन," तो दात आवळून म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

पण तो पट्टीचा खेळाडू, त्याचा खेळ लवकर संपतो कशाला? मुद्दाम पडत राहिला असता तर वेळ सरून संपला असता. मला त्याचे हात कळत होते. एकदा समोर तेलाचा डाग आला. तो सरळ त्याच्यावर जाऊ शकला असता. त्यानं डाग टाळला.

अंधारायला लागलं. पोरांना धीर धरवेना. न्हाव्यानं खूण केली. कांद्याचा साठेबाज शेवटी पायीच गेला, संत्र्याच्या खोक्यावर उभा राहून. तो पेटला तेव्हा कांदे तडतडले आणि सगळ्या गल्लीचे डोळे चुरचुरले. पलीकडच्या गल्लीची बोट छान होती म्हणे, पण असं कुणाला रडवलं नाही तिनं!

हाज्जा परत आली तेव्हा फरगली अजून खेळत होता. ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"उजवीकडे जड जातेय, हाज्जा," तो म्हणाला. "स्प्रिंग गेलीय हिची."

"माहीत आहे. तुझ्या गुडघ्यावर भागवलं मी."

तो खूप हसला. हसता हसता कस्टमला धडकला, पुढची कमान हुकली आणि त्याचा खेळ संपला. उतरताना त्यानं आगीकडे पाहिलं. साठेबाज राख झाला होता. मला द्यायचं तरी कुणाला? त्यानं डोक्यावरची हॅट काढून निखाऱ्यांत टाकली आणि पोरांना हाक मारली. ज्या हातगाडीवरून मी आले, तिच्यावरूनच परत गेले. भिंती ओल्या होत्या, म्हणून मला पार्लरच्या मधोमध ठेवलं. मी अजून तिथेच आहे.

सणानंतरच्या शुक्रवारी फरगली पाना आणि एका भंगार गाडीची स्प्रिंग घेऊन आला. माझ्या पोटाखाली दुपारभर आडवा पडून राहिला. नंतर नवी गादी शिवून घेऊन आला, लाल दोऱ्याची. आता तो अधूनमधून येतो आणि मुलांना वळणं शिकवतो. मुलं मोबाइल टाकून येतात असं मी म्हणणार नाही. काही येतात. हाज्जा पुन्हा कधी माझ्यावर बसली नाही. "झालं की एकदा," म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं शिलाई मशीन असेल, रेडिओ असेल, आजोबांची सायकल असेल. अशा वस्तूला नुसतं पुसून कोपऱ्यात ठेवू नका. मला रोज कुणीतरी पुसत होतं, तरी मी पुतळ्याखाली गेले, कारण मला चालवायला माझ्यावर कुणी बसत नव्हतं. जुन्या वस्तूला फार काही लागत नाही. तिला वापरा. चालवा, फिरवा, वाजवा. आणि ती कुरकुरली, तर वैतागू नका. जरा खाली वाका आणि बघा, कुठे कुरकुरते ते.